भाडेकरूच्या गोंगाटाची तक्रार आली की घरमालकाने काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

रात्री साडेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: ‘६०२चे ओनर कोण? तुमच्या टेनंटला आवरा.’ ओनर असतात नाशिकला, नाहीतर दुबईत. यानंतर बहुतेक मालक दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जसाच्या तसा भाडेकरूला पाठवतात, किंवा ग्रुपवर हात जोडून ‘उद्याच खाली करायला सांगतो’ असं लिहून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात तक्रार कोणी केली हे भाडेकरूला कळतं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्येच जुंपते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही कोणाचंही न ऐकता निकाल दिलेला असतो, तोही लेखी. भाडेकरूकडे अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार असतो, त्यामुळे तो उद्या काही निघत नाही. मग सोसायटीच्या लेखी खोटे ठरता तुम्हीच.

कामं तीच असतात, फक्त ती ठरावीक क्रमाने करावी लागतात: नोंद, पडताळणी, बोलणं, घरातली दुरुस्ती, लेखी सूचना, आणि शेवटी करार संपवणं. मधली पायरी गाळली की पुढची लटकी पडते.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीत लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, दिलेल्या फ्लॅटपुरता आहे. या करारात मालक म्हणजे ‘लायसेन्सॉर’ आणि भाडेकरू म्हणजे ‘लायसेन्सी’. पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूंना यातली शेवटची पायरी लागू होत नाही. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ खाली, शेजाऱ्यांना उपद्रव होतो हे कारण दाखवून न्यायालयात दावाच लावावा लागतो. गोव्यात भाड्याचा कायदा निराळा आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. सोसायटीचा तुमच्या भाडेकरूशी कसलाही करार नाही. सभासद तुम्ही आहात. सभासदाने आपल्या फ्लॅटमध्ये इतरांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही आणि होऊही द्यायचं नाही, असं सोसायटीच्या उपविधींमध्ये (नियमावलीत) असतं. ‘होऊ द्यायचं नाही’ हा भाग तुमच्यासाठी आहे. त्यामुळे ‘मी तिथे राहत नाही, तुम्ही त्यांच्याशीच बोला’ हे उत्तर टिकत नाही.

१. किल्ली देण्याआधी

तक्रारी मिटवण्याचं अर्धं काम इथेच होतं, आणि नेमकं हेच काम एजंटावर सोडलेलं असतं.

करारापासून सुरुवात करा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नसेल तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. पुण्यात अजूनही ‘नोटरी करून टाकू’ म्हणणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

एजंटाच्या ठरलेल्या मसुद्यात ‘लायसेन्सी शेजाऱ्यांना उपद्रव देणार नाही’ अशी एक ओळ असते. ती पुरत नाही, कारण उपद्रव म्हणजे काय आणि झाला तर पुढे काय, हे त्यात नसतं. त्याऐवजी असं काहीसं घाला, आणि नोंदणीआधी वकिलाच्या नजरेखालून घालवा:

‘लायसेन्सी, त्यांचे कुटुंबीय व पाहुणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करणार नाहीत व सोसायटीचे नियम पाळतील. दोन लेखी सूचनांनंतरही तोच त्रास चालू राहिल्यास लायसेन्सॉरला ३० दिवसांची नोटीस देऊन हा करार मुदतीपूर्वी संपवता येईल. अशा वेळी लॉक-इनची अट लागू राहणार नाही.’

शेवटचं वाक्य विसरू नका. सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर करार मोडायचा नाही ही अट, भाडेकरू लवकर सोडून जाऊ नये म्हणून घातलेला असतो, पण तो दोघांना बांधतो. अपवाद लिहिलेला नसेल तर तुम्हीही सहा महिने अडकता.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे करारावर एकाचं नाव आणि राहणारे पाच. हिंजवडी-वाकडच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे सर्रास दिसतं. तक्रार आली की ज्याचं नाव करारावर आहे तो म्हणतो, ‘मी गावी होतो, बाकीच्यांचं मला माहीत नाही.’ राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घ्या. नवा माणूस आला, जुना गेला, तर लेखी कळवायचं, हेही त्यात लिहा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं टाळू नका. पोलीस आयुक्तालयं यासाठी वेळोवेळी आदेश काढतात, आणि आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई मालकावर होते. पुढे कधी पोलिसांकडे जायची वेळ आलीच, तर पहिला प्रश्न ‘माहिती दिली होती का?’ हाच असतो.

आता घराकडे बघा. रिकाम्या फ्लॅटमध्ये डायनिंगची खुर्ची ओढा, बेडरूमचं दार सोडून द्या, वॉशिंग मशीन स्पिनवर लावा. शक्य असेल तर त्या वेळी खालच्या मजल्यावर कोणालातरी उभं करा. निम्म्या तक्रारी भाडेकरूच्या नसतात, फर्निचरच्या असतात. ते फर्निचर तुमचं असेल तर इलाजही तुम्हीच करायचा.

*तपासा:* नोंदणीकृत कराराची प्रत सोसायटीत दिली का? पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच दिली का? सोसायटीच्या नियमांची प्रत भाडेकरूला देऊन सही घेतली का? सेक्रेटरीकडे तुमचा चालू फोन नंबर आणि ई-मेल आहे का? परदेशात असाल तर इथल्या एका माणसाचं नाव लेखी दिलंय का?

२. तक्रार आल्यावर पहिले चोवीस तास

ग्रुपवर एकच वाक्य लिहा: ‘मेसेज पाहिला. मी आपल्याशी फोनवर बोलतो/बोलते.’ बस. माफी नको, बाजू मांडणं नको, वचन नको. ग्रुपवर लिहिलेलं प्रत्येक वाक्य नंतर कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं जातं.

मग तक्रार करणाऱ्याला फोन. बहुतेक वेळा ते खालच्या मजल्यावरचे काका किंवा काकू असतात आणि मेसेज टाकण्याआधी त्यांनी चार-पाच वेळा सहन केलेलं असतं. त्यांना आधी बोलून घेऊ द्या. ‘काका, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं’ एवढं पुरतं. मग चार गोष्टी विचारा: आवाज कसला, कधीपासून कधीपर्यंत, घरातल्या कुठल्या खोलीत जास्त ऐकू येतो, आणि आठवड्यातून किती वेळा. ‘रोजच असतं हो’ हे उत्तर नाही, पण पहिल्या फोनवर तेवढंच मिळेल. पुढचे दहा दिवस तारीख आणि वेळ टिपून ठेवायची त्यांना विनंती करा. तुम्हीही एका वहीत किंवा फाइलमध्ये नोंद सुरू करा.

आणि त्यांना एक तारीख द्या. ‘बघतो’ म्हणू नका. ‘रविवारपर्यंत मी चौकशी करून तुम्हाला कळवतो’ म्हणा आणि रविवारी खरंच कळवा, अगदी सांगण्यासारखं काही नसलं तरी. शेजारी आवाजाने चिडतात, त्याहून जास्त मालक फोन उचलत नाही म्हणून चिडतात.

*सावधान:* मारहाणीचे आवाज, किंकाळ्या, मदतीसाठी हाका ही गोंगाटाची तक्रार नव्हे. अशा वेळी पडताळणी करत बसू नका, शेजाऱ्यांनाही ‘उद्या बघू’ सांगू नका. ११२ ला फोन करा.

३. पडताळणी: इथे घाई करू नका

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि पुढचं सगळं याच्यावर उभं असतं.

पहिला प्रश्न: तक्रार आवाजाची आहे की माणसांची? ‘मुली रात्री उशिरा येतात’, ‘मित्र फार येतात’, ‘त्यांच्या खाण्याचा वास येतो’, ‘बॅचलरना द्यायलाच नको होतं’, या आवाजाच्या तक्रारी नाहीत. कितीतरी वेळा आवाजाचं निमित्त असतं आणि खरा राग भाडेकरूच्या वयावर, जातीवर, धर्मावर किंवा लग्न न झालेलं असण्यावर असतो. ओळखायची खूण सोपी आहे: चार प्रश्नांतल्या एकाचंही नेमकं उत्तर मिळत नाही, आणि बोलणं पुन्हा पुन्हा ‘असले लोक’ वर येतं. अशा वेळी नम्रपणे, पण स्पष्ट सांगा की आवाजाबद्दल मी नक्की लक्ष घालीन, बाकीचं त्यांचं खासगी आहे. हे भाडेकरूपर्यंत पोचवायची गरज नाही.

दुसरा प्रश्न: आवाज खरंच तुमच्या फ्लॅटमधून येतो का? आरसीसी इमारतीत ठोका बसला की कंप स्लॅब, बीम आणि कॉलममधून फिरतो. ६०२ वर आरोप असतो आणि खुर्ची ओढत असतात ७०१ मध्ये. डक्टमधून येणारं बोलणंही दोन मजले दूरचं असू शकतं. म्हणून ‘वरून आवाज येतो म्हणजे वरच्यांचाच’ हे गृहीत धरू नका. काकांनी टिपलेल्या वेळा आणि भाडेकरू घरी असण्याच्या वेळा जुळवून बघा. एकदा तरी दोन्ही घरांत माणूस ठेवून चाचणी करा: वर खुर्ची ओढायची, मिक्सर लावायचा, दार आपटायचं, आणि खाली फोनवर विचारायचं की हाच का तो आवाज. अर्ध्या तासाचं काम आहे. या चाचणीत तक्रारदार आणि भाडेकरू दोघांनाही सामील करून घेतलं, तर कधी कधी प्रकरण तिथेच मिटतं, कारण तोवर दोघांनी एकमेकांना फक्त मेसेजमधून ओळखलेलं असतं.

तिसरा प्रश्न: हा आवाज किती आणि कुठल्या प्रकारचा? ढोबळ मानाने तीन गट पडतात.

राहण्याचे आवाज: तान्हं बाळ रडणं, लहान मूल दुपारी धावणं, कुकरची शिट्टी, सकाळचा मिक्सर. यावर सूचना देता येत नाही, द्यायचीही नसते. शेजाऱ्यांना तसं सांगावं लागतं, आणि मालकाला ते जड जातं. पण रडणाऱ्या बाळाबद्दल भाडेकरूला लेखी सूचना पाठवलीत, तर पुढच्या खऱ्या सूचनेची किंमत तुम्हीच घालवता.

सवयीचे आवाज: ओट्यावर पहाटे खलबत्ता, डुगडुगणाऱ्या पोळपाटाची टकटक, रात्री अमेरिकेची शिफ्ट संपवून आल्यावर दीड वाजता स्वयंपाक, बाल्कनीत उभं राहून मोठ्याने कॉल, डंबेल जमिनीवर टाकणं, दोरीवरच्या उड्या. यांना वेळ बदलून किंवा खाली काहीतरी अंथरून उपाय होतो. सगळ्यात जास्त तक्रारी या गटातल्या असतात.

बेपर्वाईचे आवाज: रात्री अकरानंतर स्पीकर, गच्चीवर पार्टी, भांडणं, दिवसभर एकट्या कोंडलेल्या कुत्र्याचं भुंकणं. लेखी सूचनेची पायरी खरं तर यांच्यासाठी आहे.

आता डेसिबलबद्दल, कारण कोणीतरी मोबाइलवरचं ॲप दाखवणारच. ध्वनी प्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते ६. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात मर्यादा ५० आणि ४० आहे. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. मोबाइलचा माइक प्रमाणित यंत्र नसल्यामुळे त्याचा आकडा पुरावा म्हणून फार ताणू नका. मात्र रोज त्याच वेळी आकडा चढतो एवढं दाखवायला तो चालतो.

या आकड्यांची एक गोम लक्षात ठेवा. मर्यादा मोजली जाते ती ‘ए’ पट्टीवर, आणि ती पट्टी खर्जातले आवाज कमी धरते. सबवूफरची धडधड भिंतीतून आरपार जाते, खालच्यांचा पलंग हलतो, आणि मीटर म्हणतो सगळं मर्यादेत. म्हणून ‘ॲपवर तर ४२ च दाखवतंय’ असं भाडेकरू म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण काकूंची झोपही खरंच उडालेली असते. आकड्यावरून वाद घालू नका. स्पीकर जमिनीवरून उचलायला सांगा आणि बेस कमी करायला सांगा.

*सावधान:* भाडेकरूच्या घरात कॅमेरा किंवा रेकॉर्डर ठेवायचा विचारही नको. न सांगता किल्लीने दार उघडून आत जाणंही नको. तक्रारदाराने स्वतःच्या घरात बसून केलेलं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. लॉबीतलं सीसीटीव्ही फुटेज हवं असेल तर सेक्रेटरींना लगेच, लेखी विनंती करा. जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

४. भाडेकरूशी बोलणं

पहिलं बोलणं समोरासमोर किंवा फोनवर, लेखी नको. वेळ आधी विचारून घ्या. तक्रार झाल्याच्या रात्री फोन करू नका, दुसऱ्या दिवशी करा.

क्रम असा ठेवा. आधी माहिती: ‘गेल्या आठवड्यात बुधवारी आणि शुक्रवारी रात्री साडेअकराच्या सुमारास गाण्यांचा आवाज खालपर्यंत गेला, असं मला कळलंय.’ मग प्रश्न: ‘तुमच्याकडे काय चालू होतं त्या वेळी?’ मग गप्प बसा. पुष्कळदा इथे वेगळीच गोष्ट बाहेर येते: त्या दिवशी ते घरातच नव्हते, किंवा टीव्हीची भिंत आणि शेजाऱ्यांच्या पलंगाची भिंत एकच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर विनंती, तीही मोजता येण्यासारखी: ‘दहानंतर स्पीकर बंद, हेडफोन वापरा.’ ‘जरा सांभाळून राहा’ याचा काही अर्थ निघत नाही. प्रत्येकाचं सांभाळणं वेगळं असतं.

तक्रार कोणी केली हे सांगू नका. अंदाज बांधतीलच, बांधू द्या, दुजोरा देऊ नका. करार, नोटीस, डिपॉझिट हे शब्द या फोनमध्ये काढू नका. भाडेकरूचीही शेजाऱ्यांबद्दल तक्रार असेल तर तितक्याच गंभीरपणे टिपून घ्या. पाणी सांडलं म्हणून कोणी दारात येऊन शिव्या दिल्या असतील, तर तीही नोंद तुमच्या फाइलमध्ये हवी.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत एक साधा मेसेज: ‘आज बोलल्याप्रमाणे रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवायचं ठरलं. सहकार्याबद्दल आभार.’ धमकी नाही, पण तारीख आणि ठरलेली गोष्ट लेखी आली. पुढे गरज पडली तर हा मेसेज फार कामाला येतो.

५. घरातली दुरुस्ती

सवयीच्या आवाजांना सूचनेपेक्षा रबर जास्त लागू पडतं. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टचे तुकडे किंवा रबरी बूट. वॉशिंग मशीनचे पाय सारखे करून खाली कंप शोषणारे पॅड. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी. मुलांच्या खेळायच्या जागी जाड सतरंजी किंवा फोमची मॅट. खलबत्ता ओट्यावर ठेवण्याआधी खाली चौपदरी जुना टॉवेल. टीव्ही आणि स्पीकर सामाईक भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीवर. गळक्या फ्लश टाकीचा रात्रभर चालणारा सूं सूं आवाज हीसुद्धा ‘भाडेकरूची’ तक्रार म्हणून येते. ती प्लंबरकडे द्या.

खर्च कोणी करायचा? फर्निचर, दार, नळ तुमचे असतील तर तुम्ही. भाडेकरूच्या व्यायामाच्या आणि गाण्याच्या वस्तूंसाठी तो. हजार-दोन हजारांवरून घासाघीस करत बसू नका. मालकाने स्वतःहून पैसे घातले हे शेजाऱ्यांना कळलं की त्यांचा सूर बदलतो. तबला किंवा पेटीचा रियाज असेल तर बंद करायला सांगू नका. वेळ ठरवून घ्या आणि ती वेळ शेजाऱ्यांना कळवा. वेळ माहीत असली की तोच आवाज बराच सहन होतो.

*तपासा:* उपाय केल्यानंतर दोन आठवडे थांबलात का? तक्रारदाराला स्वतःहून फोन करून ‘आता कसं आहे?’ विचारलंत का? फरक पडला असेल तर त्यांच्याकडून तसा एक मेसेज घेतलात का?

६. लेखी सूचना

बोलूनही आणि उपाय करूनही तेच चालू असेल, तरच ही पायरी. सूचना ई-मेलने पाठवा आणि तीच स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. करारावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना पाठवा.

मजकूर छोटा हवा. कराराची तारीख आणि कलम क्रमांक. कोणत्या तारखांना, किती वाजता, काय घडलं. आधी कधी बोलणं झालं. आता नेमकं काय थांबायला हवं. आणि पुन्हा घडलं तर कराराप्रमाणे काय होईल. ‘संपूर्ण सोसायटी त्रस्त आहे’ असली वाक्यं काढून टाका. दोन तारखा त्याहून जड असतात.

दोन सूचनांमध्ये वागणं बदलायला पुरेसा वेळ द्या, आणि दुसऱ्या सूचनेत पहिलीचा उल्लेख करा. एकाच आठवड्यात दोन सूचना पाठवून ‘दोन झाल्या’ म्हणणारे मालक नंतर अडचणीत येतात.

*सावधान:* पाणी बंद करणं, वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं यातलं काहीही करू नका. सोसायटीलाही करू देऊ नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये आवश्यक सेवा तोडायला मनाई आहे. ‘आमचा लायसेन्सी आहे, टेनंट नाही’ हा बारीक मुद्दा पोलीस ठाण्यात बसून मांडायचा नसतो. तोवर भाडेकरू तक्रारदार झालेला असतो आणि तुम्ही आरोपी.

७. सोसायटी आणि पोलीस

कमिटीला महिन्यातून एकदा चार ओळींचं पत्र: कोणती तक्रार आली, काय पडताळलं, काय केलं. हे तुमच्या स्वतःच्या बचावासाठी आहे. त्रास देणं ज्याची सवयच झाली आहे अशा सभासदाविरुद्ध सोसायटी बरंच पुढे जाऊ शकते. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ खाली सभासदत्वातून काढण्यापर्यंत. त्याला सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश बहुमत आणि निबंधकांची मंजुरी लागते, म्हणून प्रत्यक्षात क्वचितच घडतं, पण तो बडगा भाडेकरूवर नसून तुमच्यावर आहे.

कमिटीने परस्पर दंड लावला तर भरण्याआधी उपविधींमधला आधार, सभेचा ठराव आणि कारणे दाखवा नोटीस मागा. वॉचमनला सांगून भाडेकरूच्या पाहुण्यांना गेटवर अडवणं, लिफ्ट वापरू न देणं असल्या गोष्टींना लेखी हरकत घ्या. भाडेकरूला त्या तुमच्याच सांगण्यावरून चालल्या आहेत असं वाटतं.

पोलीस कधी? रात्री दहानंतर जोरात स्पीकर चालू आहे, फोन केला तरी थांबत नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी ११२ ला फोन करणं योग्य आहे, आणि तसं त्यांना सांगायला मालकाने कचरू नये. पोलीस येऊन आवाज बंद करून जातात, बहुधा तेवढंच. त्या फोनची तारीख-वेळ मात्र नोंदीत घ्या. सार्वजनिक उपद्रवाबद्दल न्याय संहितेच्या कलम २९२ खाली शिक्षा आहे ती १,००० रुपयांपर्यंतच्या दंडाची. म्हणजे पोलिसांकडून भाडेकरू ‘काढून’ मिळेल ही आशा धरू नका. ते त्यांचं काम नाही. गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर या दिवसांच्या तक्रारी वेगळ्या ठेवा. अख्खी सोसायटी जागी असताना एकट्या ६०२ ला सूचना पाठवणं शोभत नाही.

८. करार संपवणं

दोन रस्ते आहेत. मुदत जवळ आली असेल तर सरळ नूतनीकरण करू नका. दोन महिने आधी लेखी कळवा की करार पुढे वाढणार नाही. आवाजाचा मुद्दा सिद्ध करत बसावं लागत नाही, भांडण होत नाही, भाडेकरूला घर शोधायला वेळ मिळतो. अकरापैकी आठ महिने झाले असतील तर मी तरी हाच रस्ता सुचवतो, कितीही राग आलेला असला तरी.

मुदत बरीच बाकी असेल आणि त्रास खरंच सहन होण्यापलीकडे असेल, तर करारातल्या कलमाप्रमाणे नोटीस. ती वकिलाकडूनच काढा, आणि त्याआधीची सगळी फाइल वकिलाला द्या: तक्रारदाराची नोंद, तुमचे मेसेज, दोन सूचना आणि त्यांच्या पोचा. मधल्या काळात भाडं घेणं चालू ठेवायचं का, पावतीवर काय लिहायचं, हेही वकिलालाच विचारा.

मुदत संपूनही भाडेकरू घर सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारात जे नमूद आहे ते इथे निर्णायक पुरावा मानलं जातं, आणि समन्स मिळाल्यावर लायसेन्सीला बाजू मांडायची परवानगी ३० दिवसांत मागावी लागते. हा अर्ज मुदत संपल्यावरचा आहे. मुदतीच्या मध्येच, गोंगाट होतो म्हणून, तो करता येईल असं समजू नका.

डिपॉझिटमधून ‘सोसायटीत बदनामी झाली’ म्हणून रक्कम कापायची नाही. कापता येतं ते थकीत बिल, प्रत्यक्ष मोडतोड, आणि करारात तशी अट असेल तर सोसायटीने ठराव करून तुमच्याकडून घेतलेला, पावती असलेला दंड. हिशोब लेखी द्या आणि उरलेली रक्कम किल्ली घेतानाच परत करा. डिपॉझिट अडकवून ठेवलं की भाडेकरूही किल्ली अडकवून ठेवतो.

घर रिकामं झाल्यावर कमिटीला तारखेसह कळवा आणि खालच्या काकांनाही एक फोन करा. नवा भाडेकरू येण्याआधी आवाज पुन्हा ऐकू आला तर तो कोणत्या खोलीत, किती वाजता, हे टिपून ठेवायला त्यांना सांगा. रिकाम्या घराखालीही खुर्ची ओढल्याचा आवाज येत असेल, तर वहीतली आधीची पानं घेऊन ७०१ च्या मालकांशी बोलायला हवं.